वागणं बदलायचं की मन? अंतःकरणाच्या पालटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासात, तरुण संघाच्या सभेत, कधी उपासना सुटल्यावर चपला घालता घालता लोक जे विचारतात, त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. काहींना दोन ओळींचं उत्तर पुरतं, काहींना पुरत नाही. लिहिणारा प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेला आहे, त्यामुळे शब्द त्या घरचे आहेत. वसईच्या कॅथलिक वाचकांनी 'बाप्तिस्मा'च्या जागी 'स्नानसंस्कार' आणि 'पाळक'च्या जागी 'फादर' वाचलं तरी काही बिघडत नाही.

माणसाचं वागणं अंतःकरणातून येतं, हे येशूने नेमकं कुठे सांगितलं?

बऱ्याच ठिकाणी, पण सगळ्यात उघडपणे मार्काच्या सातव्या अध्यायात. यरुशलेमेहून आलेल्या परूश्यांच्या, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या लोकांच्या, आणि शास्त्र्यांच्या लक्षात येतं की येशूचे काही शिष्य हात न धुताच जेवायला बसले आहेत. प्रश्न स्वच्छतेचा नव्हता, विटाळाचा होता. बाजारातून आल्यावर हात धुणं, प्याले, घागरी, पितळेची भांडी धुणं, हे सगळं मार्क मध्येच थांबून आपल्या वाचकांना समजावून सांगतो, कारण त्यातल्या अनेकांना ते परकं होतं. मराठी वाचकाला एवढं समजवावं लागत नाही. ज्याच्या आजीने सोवळ्यात स्वयंपाक केला, किंवा ज्याच्या आजीला त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं, त्याला हा वाद कालपरवाचा वाटेल.

येशू थेट हात धुण्यावर बोलत नाही. आधी तो 'कुर्बान'चं उदाहरण काढतो. म्हातारे आईबाप मदत मागायला आले की मुलगा म्हणायचा, तुम्हाला मिळालं असतं ते मी देवाला अर्पण केलंय. आईबाप रिकाम्या हाताने परत जायचे आणि मुलगा धार्मिक ठरायचा. हे उदाहरण इथे का आलं, याचा विचार अभ्यासात फारसा होत नाही. मन वाकडं असेल तर ते देवाच्या नावाचाही आडोसा करतं, हे त्याला आधी दाखवायचं होतं. त्यानंतर मुख्य मुद्दा: बाहेरून आत जाणारं अन्न पोटात जातं आणि बाहेर पडतं, त्याने माणूस भ्रष्ट होत नाही. आतून जे बाहेर येतं त्याने होतो.

मग यादी येते. कुविचार, आणि त्यांच्यामागून बारा गोष्टी: जारकर्म, चोरी, खून, व्यभिचार, लोभ, दुष्टपणा, कपट, कामातुरपणा, हेवा, शिव्यागाळी, अहंकार, मूर्खपणा. खून आणि हेवा एकाच पंगतीला बसवले आहेत. खुनाचा गुन्हा नोंदवला जातो, हेव्याची फिर्याद कोणत्याच चौकीत घेत नाहीत. येशू दोघांचा पत्ता एकच सांगतो.

म्हणजे यहुदी धर्म बाहेरचा आणि ख्रिस्ती धर्म आतला, असंच ना?

नाही. हे व्यासपीठावरून इतक्यांदा ऐकलं आहे की एकदा स्पष्ट लिहायला हवं. त्याच प्रसंगात येशू आधार घेतो तो यशयाचा: हे लोक ओठांनी माझा मान राखतात, पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे. 'वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा' असं योएल म्हणाला. माणूस बाहेरचं रूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो, हे शमुवेलाला दाविदाच्या अभिषेकाच्या वेळी ऐकावं लागलं, आणि तेही दाविदाचा थोरला भाऊ उंचापुरा दिसला म्हणून तो भुलला तेव्हा. येशू आपल्याच घरातली जुनी गोष्ट घरच्यांना ऐकवत होता.

शिवाय 'परूशी' ही शिवी करून टाकण्याआधी लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी जरा नीट पाहा. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश. असा माणूस आपल्या मंडळीत आला तर पुढच्या वार्षिक सभेत आपण त्याला खजिनदार करू.

अंतःकरण म्हणजे भावना का? उपासनेत डोळ्यांत पाणी आलं की मन बदललं असं समजायचं?

पाणी येऊ द्या, त्यात वाईट काही नाही, पण तो पुरावा नव्हे. बायबलमधलं अंतःकरण विचार करतं, बेत आखतं, निर्णय घेतं. फारोचं मन कठीण झालं म्हणजे तो रडेनासा झाला असं नाही. गुलामांना विटांसाठी पेंढा द्यायचा नाही आणि विटांची संख्या मात्र तितकीच ठेवायची, हा त्याचा कारभारी निर्णय होता. शलमोनाने देवाकडे समंजस मन मागितलं ते लोकांचा न्याय करण्यासाठी. तेव्हा अंतःकरणाचा पालट पाहायचा तर गीत गाताना पाहू नये. माणूस पैशाचा, वेळेचा, जमिनीच्या वाटणीचा निर्णय घेताना पाहावा.

मग नियम, कायदा, शिस्त यांचा काही उपयोग नाही?

आहे, आणि भरपूर आहे. 'मन बदलल्याशिवाय काही बदलत नाही' हे वाक्य धार्मिक लोकांच्या तोंडी फार सोयीचं असतं. ते म्हटलं की अन्याय थांबवायची घाई उरत नाही. मार्टिन लूथर किंग हे स्वतः बॅप्टिस्ट पाळक होते, अंतःकरणाच्या पालटावर त्यांनी आयुष्यभर प्रवचनं दिली. तरी ते सांगत की कायदा कुणाला माझ्यावर प्रेम करायला लावू शकणार नाही, पण मला झुंडीने ठार मारण्यापासून त्याला रोखू शकतो, आणि ही काही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडचा हिशेब तोच आहे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली, १९५५ मध्ये त्यासाठी शिक्षेचा कायदा आला, १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. सगळ्यांची मनं निवळेपर्यंत थांबलो असतो तर अजून पाणवठ्यावर उभे असतो. कायदा शेजाऱ्याला माझ्यापासून वाचवतो. माझ्या आतलं मात्र तो बदलत नाही. लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' असा प्रश्न ख्रिस्ती घरांतसुद्धा हळू आवाजात विचारला जातो, त्याला कोणतं कलम लावणार? तिथे मार्काचा सातवा अध्याय लागतो.

आपल्या संतांनीही हेच सांगितलं आहे. मग ख्रिस्ती शिकवण वेगळी कुठे?

संतांनी सांगितलं आहेच, आणि ते कबूल करण्यात ख्रिस्ती माणसाने कंजूषपणा करू नये. चित्त शुद्ध नसेल तर नुसता उपदेश काय करील, हे तुकोबांनी सांगितलेलं आपण शाळेपासून ऐकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर सरळ सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो.

वेगळेपण निदानात कमी आहे आणि उपायात जास्त. ख्रिस्ती विश्वास म्हणतो की बिघडलेलं मन स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, कारण दुरुस्ती करणाराही तोच बिघडलेला असतो. म्हणून देव आपल्या बाजूने पुढे येतो: ख्रिस्ताच्या क्रूसावर क्षमा, आणि पवित्र आत्म्याच्या द्वारे नवं मन. यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायात ते अभिवचन आहे, दगडाचं अंतःकरण काढून मांसाचं देण्याचं. हे मान्य करायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या विश्वासाचा प्रश्न. भक्तिपरंपरेतही कृपेची आस आहे, त्यामुळे इथे फार ताठ रेघ ओढता येत नाही हेही खरं.

नवं मन देव देतो, तर मी काय करायचं? नुसती वाट पाहायची?

यहेज्केलातच गंमत आहे. अठराव्या अध्यायात देव म्हणतो, आपल्यासाठी नवं हृदय करून घ्या. छत्तिसाव्यात म्हणतो, मी तुम्हाला नवं हृदय देईन. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातही असंच: दहाव्या अध्यायात 'हृदयाची सुंता करा', तिसाव्यात 'परमेश्वर तुमच्या हृदयाची सुंता करील'. आज्ञा आणि अभिवचन दोन्ही एकाच पुस्तकात, आणि कुणालाही एक खोडून दुसरं ठेवायची गरज वाटली नाही. पौल फिलिप्पैकरांना लिहिताना दोन्ही एका दमात बोलतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही साधून देणारा देव आहे.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्युस आणि ऑगस्टीन यांच्यात याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. पेलाग्युसचं म्हणणं, माणसाला आज्ञा दिली आहे तर ती पाळायची ताकदही त्याच्यात आहे. ऑगस्टीन स्वतःला ओळखून होता. तरुणपणी त्याने प्रार्थना केली होती की मला शुद्ध कर, पण इतक्यात नको. इच्छा अशी दुभंगलेली असते, हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं, भोगलेलं होतं. माझा कौल ऑगस्टीनकडे आहे.

बाप्तिस्मा झाला म्हणजे मन बदललं, नाही का?

पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो पालट साधारण १८९१ च्या सुमारास झाला, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. त्या काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र आलं होतं. हा माणूस दीक्षा घेतलेला, मंडळी सांभाळणारा, आणि व्यासपीठावर स्वतःचंच प्रवचन देताना त्याचं परिवर्तन झालं. रमाबाईंना त्यात आपली स्थिती दिसली.

या साक्षीत एक अडचण आहे आणि ती लपवू नये. 'आधी मन, मग वागणं' असा क्रम आपण शिकवतो, पण शारदा सदन त्या अनुभवाच्या आधीचं आहे. विधवांसाठी झिजणं त्यांना आधीपासून येत होतं. अमेरिकेत फिरून त्यांनी त्यासाठी मदत उभी केली ती त्याहून आधी. मग बदललं काय? त्यांच्या सांगण्यावरून, पापाचं ओझं उतरलं, आपण क्षमा पावलो आहोत याची खात्री आली, आनंद आला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका त्यांनी आणल्या, केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. हे आधीच्या कामाचंच पुढचं पाऊल होतं.

तेव्हा 'नवा जन्म झाल्याशिवाय माणसाच्या हातून चांगलं काही होतच नाही' असं कुणी ठासून सांगत असेल तर त्याने रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचावी. आणि 'चांगलं काम करतोय ना, मग आत काय चाललंय याच्याशी काय देणंघेणं' असं म्हणणाऱ्यानेही.

ख्रिस्ती नसलेली कितीतरी माणसं आमच्यापेक्षा चांगली वागतात. त्याचं काय?

चांगली गोष्ट आहे. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने हे केव्हाच मान्य केलं आहे. त्यांच्याकडून शिका.

हा पालट एका क्षणात होतो की हळूहळू?

दोन्ही प्रकारच्या साक्षी आहेत. मात्र एका क्षणात सुरू झालेला पालटही वागण्यात उतरायला किती काळ घेतो, यासाठी जॉन न्यूटन पाहावा. गुलामांच्या व्यापारात असलेला हा इंग्रज खलाशी १७४८ च्या मार्चमध्ये भर समुद्रात वादळात सापडला, जहाज बुडायच्या बेतात आलं, आणि त्याने देवाचा धावा केला. ती तारीख तो पुढे आयुष्यभर पाळत आला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात.

पुढचा भाग व्यासपीठावर क्वचित येतो. त्या वादळानंतर न्यूटन गुलामांच्याच जहाजांवर परत गेला. १७५० ते १७५४ या काळात तो स्वतः कप्तान होता. वर प्रार्थना चालत आणि खाली तळघरात साखळदंडांत माणसं असत. १७५४ मध्ये आजारपणामुळे त्याने समुद्र सोडला, पश्चात्तापामुळे नव्हे. १७६४ मध्ये तो पाळक झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची जाहीर पुस्तिका निघाली १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. तिच्यात त्याने कबूल केलं की ही कबुली फार उशिरा येते आहे. पुढे संसदेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली, आणि १८०७ मध्ये, ज्या वर्षी ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला, त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.

मग १७४८ चा पालट खोटा होता? मला तसं वाटत नाही. शिव्याशाप आणि दारू लवकर सुटली, कारण त्या काळच्या ख्रिस्ती समाजाने त्यांनाच पाप म्हटलं होतं. माणसं विकणं सुटलं नाही, कारण तो धंदा प्रतिष्ठित होता. मन बदललं तरी ज्याला आजूबाजूचं कुणीच पाप म्हणत नाही ते पाप शेवटपर्यंत दिसत नाही. आपल्यात आज असं काय आहे, हा प्रश्न न्यूटन आपल्याला विचारतो.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे वडील सोवळ्याने झपाटलेले, बाजारातून आणलेल्या वस्तूही धुवून घेणारे. अशा घरातली मुलगी. १८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षं ताटातूट झाली, पुढे एकत्र राहू लागल्या तरी आपलं खाणंपिणं, पाणी वेगळं ठेवत. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतलं की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली. विचार पटला त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खाणंपिणं सुरू. 'स्मृतिचित्रां'त त्यांनी हे ज्या सहजपणे लिहिलंय त्याला तोड नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, आणि जात मनातून गेली ती त्याच्याही आधी. न्यूटनला चाळीस वर्षं लागली तिथे या बाईंना एक दिवस पुरला. असं का, ते मला सांगता येणार नाही.

खरा पालट ओळखायचा कसा?

श्रीमंत जकातदार जक्कयाकडे पाहा. लूकचा एकोणिसावा अध्याय. त्याने येशूला आनंदाने घरी घेतलं, यापलीकडे त्याच्या मनात काय झालं हे लूक सांगत नाही. तो रडला, गुडघे टेकले, काही नाही. उभा राहिला आणि आकडे बोलला: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. नियमशास्त्र कबुली देऊन परतफेड करणाऱ्याकडून मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच मागत होतं. चौपट ही मेंढरू चोरून कापून खाणाऱ्याची शिक्षा. जक्कयाने स्वतःला त्या चोराच्या रांगेत उभं केलं. येशू यानंतर म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झालं आहे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची उत्तरंही अशीच रोखठोक आहेत. लोक विचारतात, आम्ही काय करावं? दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांना: ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना: कुणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात भागवा. तिन्ही उत्तरं पैशाची नाहीतर वस्तूंची. पश्चात्तापाचं फळ त्याने खिशात शोधलं.

एरवी आणखी एक खूण सांगतो, ही माझी आहे, बायबलची नव्हे. ज्याचा काही उपयोग नाही अशा माणसाशी, म्हणजे वॉचमन, झाडूवाल्या मावशी, म्हातारी सासू, यांच्याशी बोलताना आवाज कसा असतो ते ऐकावं.

उलटं चालत नाही का? आधी वागणं सुधारलं तर मन मागून येणार नाही?

येतं, काही वेळा. डोंगरावरच्या प्रवचनात येशूच म्हणतो, जिथे तुमचं धन तिथे तुमचं मनही लागेल. क्रम नीट वाचा: धन आधी, मन मागून. पैसा जिथे ठेवाल तिकडे मन ओढलं जातं. ज्याच्याविषयी राग आहे त्याच्यासाठी प्रार्थना करायला तो सांगतो, तेही राग गेल्यावर नव्हे. डब्यातली भाजी शेजारच्या नावडत्या बाईला महिनाभर देऊन पाहा. तिच्याविषयी पूर्वीसारखं वाईट बोलणं जड जाईल.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याला हे पटलं नसतं. नीतीची कामं करून आपण नीतिमान होत नाही, नीतिमान ठरवले जातो म्हणून तशी कामं करतो, असं तो ॲरिस्टॉटलला खोडून सांगत असे. देवापुढे स्वीकार होण्याच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे. पण रोज सकाळी उठून माणूस घडतो कसा, याबाबतीत सवयीला त्याने दिली त्यापेक्षा जास्त जागा द्यावी असं मला वाटतं. फक्त सवयीला मनाची जागा देऊ नये. हेवा तसाच ठेवून वाटलेली भाजी ओळखू येते.

विश्वास ठेवला, प्रार्थना करतो, तरी राग जात नाही. माझ्यात काही खोट आहे का?

असेल तर पौलाच्या पंगतीला बसा. जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही, आणि नको ते करतो, असं तो रोमकरांस सातव्या अध्यायात लिहितो. हे तो बाप्तिस्म्याआधीच्या स्वतःविषयी बोलतोय की नंतरच्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाचणाऱ्या सामान्य माणसाला मात्र आपण कोणत्या ओळीत आहोत ते लगेच कळतं.

आत्म्याचं फळ म्हणून गलतीकरांस पत्रात नऊ गुण दिले आहेत. फळ म्हटलंय, कारखान्याचा माल नव्हे. झाडाला ऋतू लागतात. आणि राग प्रत्येक वेळी पापच असतो असंही नाही. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशू रागाने सभोवार पाहतो, लोकांच्या मनाच्या कठीणपणामुळे खिन्न होऊन. कशावर रागावता ते आधी तपासा.

नवरा मारहाण करायचा. आता म्हणतो, 'प्रभूने माझं मन बदललं.' पाळकसाहेब म्हणतात, क्षमा करून परत जा. काय करू?

घाईने परत जाऊ नका. क्षमा आणि पुन्हा त्याच घरात राहायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्या आणि देवाच्या मधली आहे, तुमच्या गतीने होईल. दुसऱ्यासाठी पुरावा लागतो, आणि तो देण्याची जबाबदारी त्याची आहे. जक्कयाने ज्यांना लुबाडलं त्यांना 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं सांगितलं नाही. खरंच बदललेला माणूस वेळ मागितला तर चिडत नाही, पोलिसांत केलेली तक्रार मागे घे म्हणत नाही, समुपदेशनाला जातो, दारू असेल तर उपचार घेतो, लांब राहून खर्च पाठवतो. 'मी बदललो तरी तू येत नाहीस' अशी धमकी आली की उत्तर मिळालं.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा ख्रिस्ती स्त्रीलाही तितकाच लागू आहे. महिलांसाठी मदतवाहिनी १८१, तातडीची मदत ११२. पाळकांनी वेगळं सांगितलं तरी हे नंबर लावायला त्यांची परवानगी लागत नाही.

दारूचं व्यसन, नैराश्य हे पण मनाचंच पाप समजायचं का?

नैराश्य हे पाप नव्हे, आजार आहे. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताकरवी भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, लांबचा प्रवास झाल्यावर आला. डॉक्टरांकडे जा, औषध चालू असेल तर प्रार्थनासभेत कुणी सांगितलं म्हणून बंद करू नका. सरकारची टेलीमानस ही मदतवाहिनी १४४१६ या नंबरावर मराठीतही बोलते.

दारूचं थोडं गुंतागुंतीचं आहे. पहिला पेला उचलण्यात मनाचा भाग असतो, पण व्यसन जडल्यावर शरीर आणि मेंदू दोन्ही अडकतात. जुना पिणारा माणूस एकदम थांबला तर जीवावर बेतू शकतं, म्हणून प्रार्थनेबरोबर दवाखाना हवाच. १९८६ पासून पुण्यात मुक्तांगण आहे, गावोगावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भरतात. त्यांच्या बारा पायऱ्यांत आत्मपरीक्षण, कबुली, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई हे सगळं आहे. आपल्या कित्येक मंडळ्यांपेक्षा ते जक्कयाच्या जास्त जवळ आहेत.

मुलांचं मन कसं घडवायचं? ओरडून 'सॉरी म्हण' म्हटलं तर म्हणतो, पण मनापासून नाही.

'सॉरी' म्हणायला शिकवाच, ती भाषा यायला हवी. पण तिथेच थांबलात तर मूल एवढंच शिकतं की शब्द टाकला की सुटका होते. मोडलेली वस्तू जोडायला बसवा, बहिणीच्या खाल्लेल्या वाट्याऐवजी आपला द्यायला लावा. आणि आईबापांनी मुलांसमोर एकमेकांची माफी मागावी. आपल्या घरांत बाप माफी मागताना मुलांनी पाहिलेलाच नसतो.

आज्ञाधारक मुलाकडेही लक्ष ठेवा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ कधी घर सोडून गेला नाही, पण धाकटा परत आला तेव्हा आत यायला तयार नव्हता. इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, म्हणतो. बापाच्या घरात तो चाकर म्हणून राहिला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

देव मन बघतो ना? मग उपासनेला यायलाच हवं का?

ज्याला हे सुचतं तो त्या वेळात घरी मनच शुद्ध करत बसलेला असतो का, एवढंच विचारतो.

रोज करता येईल असं काही सांगा.

इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात आपल्या लोकांना दिवसाची उजळणी करायला शिकवलं, कॅथलिक संस्थांत ती अजून करतात. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. देवाचे आभार, मग दिवस सकाळपासून मनात फिरवायचा: कुठे जीव हलका झाला, कुठे आत काहीतरी आवळलं, कुठे खोटं बोललो. मग क्षमा, मग उद्याच्या एका गोष्टीसाठी मागणं. प्रोटेस्टंट माणसाने केलं तर काही बाटत नाही. १३९ व्या स्तोत्राची शेवटची दोन वचनं त्याला चांगली जोड आहेत.

दुसरं, एक माणूस शोधा. याकोब म्हणतो, आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा. कॅथलिकांकडे त्यासाठी संस्कार आहे. आपण तो सोडला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. जो पोटात ठेवील, गावभर करणार नाही, आणि तुमच्या 'परिस्थितीच तशी होती'ला भुलणार नाही, असा एक जण पुरे.

वाचायला कुठून सुरुवात करू?

मार्क ७. मग २ शमुवेल ११ आणि १२ वाचून लगेच ५१ वं स्तोत्र, या क्रमाने. उरियाचं काय झालं ते वाचल्याशिवाय 'शुद्ध हृदय उत्पन्न कर' ही ओळ गोड वाटते, आणि ती गोड नाही. मग लूक १५ ते १९. शेवटी फिलेमोनाला पत्र. फक्त २५ वचनं आहेत. पळून गेलेला दास अनेसिम याला भाऊ म्हणून परत घे, अशी पौलाची विनंती आहे, आणि त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. फिलेमोनाने काय केलं ते पत्रात नाही.